युद्ध संपल्यावर फौजी काय करतो? (राणेसाहेब, आमचे आबा आणि गावची कमान)

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मागच्या सुट्टीत मुलांना घेऊन कारवारला गेलो होतो. खानापूर, रामनगर, जोयडा करत अणशी घाट उतरलो. टागोर बीचवर 'चपळ' ही जुनी युद्धनौका संग्रहालय म्हणून ठेवलीय, मुलांचा हट्ट तिच्यासाठी होता. तिथंच जवळ मेजर रामा राघोबा राणे यांचा पुतळा आहे. मी मुलांना थांबवून सांगितलं, हे आपल्या बाजूचेच, कारवारजवळच्या चेंडियेचे. परमवीर चक्र जिवंतपणी मिळालेला पहिला माणूस. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढत यांनी रणगाड्यांना वाट करून दिली.

धाकटा आठ वर्षांचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग नंतर काय केलं त्यांनी?"

मला उत्तर देता आलं नाही. १९१८ चा जन्म, १९९४ ला गेले. शहात्तर वर्षांचं आयुष्य, आणि मला त्यातले चार दिवस पाठ.

आल्यापासून हे डोक्यातून जात नाही, कारण आमच्या गावात सध्या याच्याशी जुळणारा विषय चाललाय. गावच्या वेशीवर कमान बांधायची ठरलीय. आमचे सुभेदार आबा १९७१ ला जंगी पलटणीत, म्हणजे १ मराठाबरोबर (मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन) आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. आता पंच्याहत्तरी ओलांडलीय. कमानीवर रणगाडा काढायचा, '१९७१' असं मोठं लिहायचं आणि आबांच्या हातून उद्घाटन करायचं असं पंच मंडळींचं ठरलंय. वर्गणीही जमलीय.

माझं म्हणणं असं की आबा पेन्शनवर येऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. त्या वर्षांचं काय? ती कुठं लिहून ठेवायची? तुमच्या गावात कुणी असं केलंय का? मला कमानीला विरोध करायचा नाही, पण कमान झाली की गावाला वाटणार, आबांचं देणं फिटलं. त्याची मला भीती वाटते.

शिवबाचामावळा

आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचा अभिमान! राणेसाहेबांना मानाचा मुजरा. बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!

सॅपर६३

मुजरा बरोबरच आहे, पण मावळा भाऊ, राणेसाहेब मराठा पलटणीचे नव्हते. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले. आमचं सेंटर पुण्यात खडकीला. १० जुलै १९४० ला ते भरती झाले आणि आधी ब्रह्मदेशात लढले. १९४८ ला ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत सेकंड लेफ्टनंट होते.

मी स्वतः त्याच सेंटरमधून निघालोय, म्हणून थोडं सांगतो. सुरुंग काढणं हे पळण्याचं काम नाही. हातात संगीन किंवा सळई घेऊन पोटावर झोपायचं, माती तिरकी टोचत वीतवीत पुढं जायचं. त्यात समोरून गोळी येत असताना मान वर काढायची नाही आणि हाताची गतीही वाढवायची नाही. ८ एप्रिलला बरवालीच्या टेकडीपाशी काम सुरू झालं तेव्हा तोफगोळ्यांत त्यांच्या तुकडीतले दोघे गेले आणि राणे धरून पाचजण जखमी झाले. तरी ते थांबले नाहीत. पुढच्या रणगाड्याखाली सरपटत, दोरीनं चालकाला इशारे देत त्यांनी वाट काढली. रस्त्यावर आडवे पाडलेले पाइनचे बुंधे उडवले. ११ तारखेपर्यंत हे चाललं, आणि १२ एप्रिलला राजौरी हातात आली.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नाकडं येतो. लोक 'नंतर' म्हणजे निवृत्तीनंतर धरतात. राणेसाहेब १९६८ ला मेजर म्हणून निवृत्त झाले, एकूण २८ वर्षं नोकरी. म्हणजे त्या चार दिवसांनंतर वीस वर्षं ते रोज सकाळी वर्दी घालून कामावर जात होते. पहिला 'नंतर' तो. छातीवर परमवीर असलेला माणूस परेडला उभा राहतो, रजेचा अर्ज लिहितो, नवीन पोरांना सुरुंग कसा धरायचा ते शिकवतो. सगळं युनिट त्याच्याकडं बघत असतं. एखाद्या दिवशी कंटाळा आला, चूक झाली, तर ती मोकळेपणी करायची त्याला सोय नसते. याचा भार किती असेल ते बाहेरच्याला कळणार नाही.

दुसरा 'नंतर' १९६८ ते १९९४. त्यातली एक गोष्ट मला फार भिडते. शिपिंग कॉर्पोरेशननं आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली. राणेसाहेबांच्या नावाचं जहाज १९८४ ला आलं. चेंडियेच्या माणसाचं नाव घेऊन जहाज समुद्रात हिंडतंय आणि तो माणूस अजून हयात आहे. पंचवीस वर्षं चालून ते जहाजही मोडीत निघालं. साहेब ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेले.

मलप्रभाकाठ

सॅपर काका, मनापासून आभार. पहिला 'नंतर' माझ्या ध्यानातच आला नव्हता. मुलाला आज रात्री हे सांगतो.

हिरवासडा

व्हय की. आमच्या बाजूला बी तसंच झालंय. एका गावात पुतळा बसवूलेत, पर जो आज्जा जित्ता हाय त्याच्याकडं कोण जाऊन बसंना. मलप्रभा अण्णा, तुमचे सुभेदार आबा म्हंजे पहाटे माळावर पोरं पळवायचे तेच काय?

मलप्रभाकाठ

तेच ते. तुम्ही कुठले?

हिरवासडा

शेजारचाच की. नदीच्या पल्याडचा. नंतर सांगतो, आता भात कापणी चाललीय.

शहापूरगल्ली

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. कमान हवीच. पुतळाही हवा. आपल्या शिवजयंतीला चित्ररथ निघतात तेव्हा लहान पोर बापाच्या खांद्यावर बसून तलवार बघतं. त्या वयात त्याला कुणी पेन्शनीची कथा सांगत नाही, आणि सांगूही नये. आधी डोळ्यांत तेज भरू दे, मग पुढचं. मलप्रभा भाऊ, तुमच्या मुलानं प्रश्न विचारला तो पुतळा बघूनच ना? पुतळा नसता तर तुम्ही बीचवर भेळ खाऊन परत आला असता.

शिवाय नंतरचं आयुष्य हे त्या माणसाचं खाजगी असतं. कुणाला मुलांनी विचारलं नसेल, कुणाला दारू लागली असेल, कुणी भावकीत जमिनीवरून कोर्टात गेलं असेल. ते कशाला चव्हाट्यावर आणायचं? पराक्रमाची चार दिवसांची गोष्ट स्वच्छ राहू द्या.

बिजगर्णीचीलेक

शहापूरगल्ली दादा, तुमचा मान राखून सांगते, पण 'स्वच्छ राहू द्या' हे मला पटलं नाही. आमच्या घरात नंतरचीच गोष्ट होती, दुसरी कुठली आम्ही पाहिलीच नाही.

माझे बाबा हवालदार म्हणून पेन्शनवर आले तेव्हा चाळिशीचेही नव्हते. मी पाचवीत. तोवर आमच्यासाठी ते वर्षातून दोन महिने येणारे पाहुणे. काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर, होल्डॉल, आणि कॅन्टीनचे साबण. त्या साबणाचा वास म्हणजे बाबा. मग एके दिवशी ट्रंक आली ती परत गेलीच नाही.

लोक म्हणतात नवरा घरी आला, बाई सुटली. माझ्या आईनं सतरा वर्षं एकटीनं घर चालवलं होतं. बटाट्याचं बी कधी घ्यायचं, सोसायटीचं कर्ज कधी फेडायचं, रताळी कुठल्या शेतात लावायची, सगळं तिनं ठरवलेलं. बाबा आले आणि हुकूम सुटू लागले. पहाटे चारला उठायचं. अंथरुणाच्या घड्या अशाच हव्यात. भांडी उतरंडीला एका रेषेत. आई पहिले सहा महिने काही बोलली नाही. मग एकदा म्हणाली, "ही तुमची पलटण नव्हे, हे माझं घर." बाबा उठून शेतात गेले ते संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी आईला विचारून गोठा साफ केला. आमच्या घरात बाबा त्या दिवशी राहायला आले असं मी धरते.

पुढं त्यांनी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बारा वर्षं उभं राहून नोकरी केली. ज्या माणसानं बर्फात चौकी सांभाळली त्याला तिथं कुणी कुणी 'ए वॉचमन' म्हणायचं. घरी येऊन त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मला ते एका मैत्रिणीकडून कळलं, तेव्हा मी कॉलेजला होते.

आता सॅपर काकांसाठी. बाबा शेतात नेहमी बांधावरूनच चालायचे. वाफ्यात उतरायचं झालं तर आधी थांबायचे, खाली बघायचे. आणि आम्हा भावंडांना म्हणायचे, माझ्या पावलात पाऊल टाकून या. आम्ही तो खेळ समजायचो. त्यांच्या मोठाल्या बुटांच्या ठशात आमची पावलं ठेवत उड्या मारत जायचो. काश्मीरमध्ये त्यांच्या चौकीभोवती सुरुंग पेरलेले होते एवढं एकदा बोलले होते, पण या दोन गोष्टी मी कधी जोडल्या नव्हत्या. काल तुमचं 'वीतवीत पुढं जायचं' वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. बिजगर्णीच्या मातीत बटाट्याशिवाय काही पुरलेलं नाही हे त्यांना ठाऊक होतंच, पण त्यांच्या पायांना ते कधी पटलं नाही.

हे चव्हाट्यावर आणायचं नाही तर मग कुठं ठेवायचं, दादा?

सॅपर६३

ताई, असं आम्ही बरेचजण चालतो. घरच्यांना सांगत नाही.

शहापूरगल्ली

ताई, माझा शब्द चुकला. दारू-कोर्टाचं लिहिताना एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर होता, आमच्या गल्लीतलाच, त्याच्याबद्दल लोक फार वाईट बोलायचे म्हणून तसं लिहून गेलो. तुमच्या बाबांना नमस्कार. कमानीचं माझं मत मात्र कायम आहे.

कॅम्पचीपायवाट

मराठा पलटणीचंच उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात आपल्या रेजिमेंटला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तिथंच पडले. शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना पाठीवर आणत, मग मशीनगनच्या जागा बंद करत लढले आणि जगले. १९८४ ला पुण्यात वारले.

घाडगेंचा पुतळा माणगावला तहसील कचेरीसमोर आहे, गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेव जाधव त्यानंतर ३९ वर्षं जगले, आणि त्या ३९ वर्षांवर कुणी दोन ओळी बोलत नाही. जो पडला त्याची गोष्ट पुरी झाली असं आपण मानतो. जो परत आला त्याची अर्धी राहते.

(जाता जाता: घाडगेंची ३ री बटालियन पुढं पॅराशूट पलटण झाली. तीच २ पॅरा ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला छत्रीनं उतरली. म्हणजे सुभेदार आबांची १ मराठा जमालपूरला आणि जुनी ३ मराठा टांगाईलला, एकाच आठवड्यात.)

सीमावासीय५६

राणेसाहेबांचा विषय निघालाय तर एक बोलू द्या. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र' म्हणत आमच्या वाडवडिलांनी लाठ्या खाल्ल्या. त्या घोषणेतलं कारवार ते हेच. मग महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात आमचा कारवारचा परमवीर ठळकपणे का नको? आणि इथल्या मराठी फौजीचं काय? पलटण मराठा, घरची भाषा मराठी, पण पत्ता कर्नाटकाचा. माझ्या चुलत्यांना शौर्यपदक मिळालं तेव्हा एका राज्याच्या कचेरीतून सांगितलं, तुम्ही आमचे रहिवासी नाही. दुसरीकडं कागद कन्नडमध्ये भरायचा, तो चुलत्यांना वाचता येत नव्हता. दोन वर्षं ते या खिडकीतून त्या खिडकीत फिरले. लढताना त्यांना कुणी रहिवासी दाखला विचारला नव्हता.

अनगोळनाका

राणे कोकणी बोलणारे ना पण? त्यांना मराठी म्हणायचं की कोकणी?

सीमावासीय५६

मराठा घराणं आहे. आता यावरून सुरू करू नका.

घटप्रभा_कडून

माझी घरची भाषा कन्नड आहे, मराठी शाळेत शिकलो, त्यामुळं चुका पोटात घाला. सीमावासीय अण्णा, तुमच्या चुलत्यांना जे झालं ते वाईट झालं. तशी खिडकी माझ्या मामांनाही लागली, आणि त्यांना तर कन्नड येत होती.

एक सांगतो. सैनिक कल्याण कचेरीच्या बाकावर मी मामांबरोबर खूप बसलोय. तिथं सगळे म्हातारे एकमेकांशी हिंदीत बोलतात, पलटणीतल्या हिंदीत. आणि 'माजी सैनिक' हा शब्द कन्नडातही 'माजी सैनिक'च आहे. लिपी बदलते, शब्द तोच. कारवारचा राणेसाहेबांचा पुतळा २००६ ला कर्नाटकाच्या मंत्र्यांनी उघडला, त्या दिवशी तिथं मराठी, कोकणी, कन्नड सगळेच उभे असणार. माझ्या मामांच्या तेराव्याला पहिला हार घातला तो त्यांच्या पलटणीतल्या खानापूरच्या मराठी माणसानं. तो आल्याशिवाय मामीनं पानं वाढू दिली नव्हती.

व्यवस्थापक

सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, तिथं जरूर लिहा. इथं मूळ प्रश्नावर राहूया. कुणाच्याही प्रतिक्रिया काढलेल्या नाहीत.

कृष्णेचापूर

मी इस्लामपूर भागातला, नोकरीनिमित्त निपाणीत. नंतरच्या आयुष्याबद्दल बोलताना मुरलीकांत पेटकरांना विसरून कसं चालेल? आमच्या सांगली जिल्ह्याचे. ईएमईत (लष्कराची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणारं दल) जवान होते, मुष्टियोद्धा होते. १९६५ च्या युद्धात सियालकोट भागात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक. नंतर पुण्यात टेल्कोत नोकरी केली.

पद्मश्री कधी मिळाली? २०१८. मधली वर्षं मोजा. शेहेचाळीस. एवढी वर्षं हा माणूस आपल्यात वावरत होता आणि शेजारून जाणाऱ्याला कळत नव्हतं कोण चाललंय.

त्यामुळं मलप्रभा भाऊ, कमान नंतर बांधली तरी चालेल. आधी आबांकडं जाऊन बसा. पंच्याहत्तरी ओलांडलीय म्हणता.

ट्रंकआणिकागद

मी रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होतो, आता निवृत्त. सगळे भावनेनं बोलताहेत, चांगलंच आहे, पण मला एक कामाची गोष्ट सांगायचीय, कारण फौजीच्या नंतरच्या आयुष्यात सगळ्यात मोठी लढाई कागदाची असते आणि ती बहुतेक वेळा त्याच्या बायकोला लढावी लागते.

ज्या घरात माजी सैनिक आहे त्या घरानं आजच ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) बाहेर काढा. त्यावर बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं आहेत का आणि ती आधारशी जुळतात का, बघा. जुन्या काळी लग्न झालं की युनिटला कळवायचं आणि ते पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे युनिटच्या नोंदींत, चढायचं. कितीतरी जवानांनी ते कळवलंच नाही, किंवा माहेरचं नाव कळवलं. कागदावर 'शांता', सासरी 'लक्ष्मी', आधारवर 'लक्ष्मीबाई'. नवरा आहे तोवर काही अडत नाही. तो गेला की फॅमिली पेन्शन अडते, आणि सत्तर वर्षांची बाई प्रतिज्ञापत्रं करत फिरते. नवरा असतानाच रेकॉर्डला अर्ज देऊन नाव दुरुस्त करून घ्या. हल्ली पेन्शन 'स्पर्श' या ऑनलाइन पोर्टलवर गेलीय, वर्षातून एकदा हयातीचा दाखला चढवावा लागतो. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरानं सगळ्या आज्जा-आज्जींचं ते काम एका दिवशी करून दिलं तर कमानीइतकंच पुण्य आहे.

पदकाच्या भत्त्याचंही तसंच. परमवीर चक्राचा महिन्याचा भत्ता १ ऑगस्ट २०१७ पासून २०,००० रुपये झाला, त्याआधी १०,००० होता. महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,०००, सेना मेडलला २,०००. शौर्याच्या सेना मेडलला बरं का, सगळ्या पदकांना नाही. विधवेलाही तो चालू राहतो. मला अशी घरं माहीत आहेत जिथं सेना मेडल भिंतीवर फ्रेम करून लावलंय आणि भत्त्याचा अर्जच केलेला नाही.

आणि महायुद्धातले जे जवान १९४६ च्या सुमारास कमी नोकरीत घरी पाठवले गेले, त्यांना तर पेन्शनच नव्हती. आमच्या खिडकीवर अशा माणसांच्या सुना यायच्या, हातात ब्रिटिश राजाचं डोकं असलेली मेडलं घेऊन, याचं काही मिळतं का विचारत.

हिरवासडा

क्लार्क साहेब, हे लई कामाचं. आमच्या काकूचं नाव चुकलंय, उद्याच बघतो.

बिजगर्णीचीलेक

माझ्या आईचं हेच झालं. आठ महिने लागले. काका, हे तुम्ही वेगळा धागा काढून लिहाच.

शहापूरगल्ली

मलप्रभा भाऊ, धागा तुमचा आणि तुम्हीच गायब. आबांकडं गेलात का?

मलप्रभाकाठ

गेलो होतो. तीन संध्याकाळी. म्हणून उशीर.

पहिल्या संध्याकाळी मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जमालपूरचं विचारलं. आबा अटेन्शनमध्ये बसल्यासारखे बसले आणि जे १५ ऑगस्टला शाळेत सांगतात तेच, त्याच शब्दांत सांगितलं. वीस मिनिटांत संपलं. दुसऱ्या दिवशी मोबाईल खिशातच ठेवला. काकू शेंगा सोलत होत्या, मीही सोलू लागलो. मग आबा आपणहून बोलायला लागले. जमालपूर पडल्यावर शरण आलेल्या शिपायांना आपल्या लंगरातली डाळ वाढली, त्यातला एक पोरगा डाळ खाताना रडत होता आणि त्याला मिशीसुद्धा नीट फुटली नव्हती, असं म्हणाले. शाळेत हे कधी सांगत नाहीत. का, म्हणून विचारलं. म्हणाले, "पोरं टाळ्या वाजवायला बसलेली असतात, त्यांना कशाला?"

कमानीबद्दलही विचारलं. आबा म्हणाले, बांधा, गावाला शोभा येईल, पण रणगाडा काढू नका. मी पायदळातला. रणगाड्यात मी एकदासुद्धा बसलो नाही. माझ्या पलटणीतलं कोण या रस्त्यानं गेलं तर हसेल.

तिसऱ्या दिवशी ट्रंक उघडली. ट्रंकआणिकागद काका, तुमचं वाचून गेलो होतो. पीपीओवर काकूंचं नाव बरोबर आहे, पण जन्मतारीख चुकीची आहे, अर्ज लिहून दिला. त्या ट्रंकेत, कागदांच्या खाली, शाळेच्या वह्या निघाल्या. दोनशे पानी, अकरा वह्या. मला वाटलं आबांनी आठवणी लिहिल्यात.

त्यात आठवणी नाहीत. पहाटे माळावर ज्यांना पळवायचे त्या पोरांची नावं आहेत. १९९१ पासून. तारीख, नाव, गाव, एक मैल पळायला लागलेली मिनिटं-सेकंदं, बीम (दांड्याला लटकून काढलेले पुलअप) किती, उंची, छाती. पुढं लाल पेनानं शेरे. 'पायात चप्पल, बूट नाही.' 'सकाळी उपाशी येतो, दूध सांगितले.' 'बाप दारू, रात्री माझ्याकडे झोपला.' 'मेडिकलला कान गेला, पुन्हा नको, आयटीआयला पाठव.' भरती झालेल्यांच्या नावापुढं फक्त पलटण आणि साल. दोन नावांपुढं साल आहे आणि त्याखाली लहान अक्षरात 'गेला' लिहिलंय. ती दोन्ही नावं आमच्या शाळेच्या फलकावर आहेत. त्या पानांवर आबांनी बोट ठेवलं नाही, मीच उलटली.

एका खेपेचं कोण कुठं आहे असं विचारलं, तर वही न बघता सांगत गेले. हा कंडक्टर, हा साखर कारखान्यात, हा सुभेदार झाला, याचा पोरगा आता येतो पळायला. अजून येतात चार-पाच. आबा आता पळत नाहीत, दगडावर बसून घड्याळ धरतात.

पंच मंडळींना वह्या दाखवल्या. रणगाडा रद्द झालाय. कमान व्हायची आहे. वर्गणीतून वाचनालयाला एक काचेचं कपाट घ्यायचं आणि वह्यांच्या प्रती तिथं ठेवायच्या असं चाललंय. शेरे सगळ्यांना दाखवायचे की नाही यावर वाद आहे, घरोघरच्या गोष्टी आहेत त्या. शहापूरगल्ली दादा, इथं तुमचं खाजगीचं म्हणणं मला पटलं. बहुतेक शेऱ्यांवर पट्टी लावून प्रती काढू. मूळ वह्या आबांच्या ट्रंकेतच राहतील.

मुलाला माळावर घेऊन गेलो होतो. आबांनी त्याच्या हातात घड्याळ दिलं.

शहापूरगल्ली

कपाटाचे पैसे कमी पडत असतील तर सांगा. मी पाठवतो.

सॅपर६३

लाल पेनाचे शेरे वाचून आमच्या ट्रेनिंगच्या हवालदारांची आठवण झाली. आबांना माझा जय हिंद सांगा. फोनवर नको, जाऊन सांगा.

बिजगर्णीचीलेक

'रात्री माझ्याकडे झोपला.' हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं.

हिरवासडा

अण्णा, त्या वह्यांत १९९६ ची हाय काय? पावसाळ्याच्या आधीची. माझं नाव सापडतंय काय बघा. नदीपल्याडची आम्ही तिघं यायचो.

मलप्रभाकाठ

तुमचं नाव खाजगी निरोपात पाठवा, बघतो.

मलप्रभाकाठ

सापडलं. मे १९९६. एक मैल, ६ मिनिटं १० सेकंद. लाल पेनात: 'दम आहे, सुरुवातीला घाई करतो.'

हिरवासडा

तेच म्हणायचे मला. "घाई करू नको रे." त्यानंतर दसऱ्याच्या टायमाला ५.४० आलतं. ते बी लिहिलंय काय?

मलप्रभाकाठ

लिहिलंय. दोनदा अधोरेखित केलंय.